मंगळावरचे वादळ

मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची ‘द मार्शियन’ ही कादंबरी अँडी विअर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने प्रथम संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य दिली. जाणकार वाचकांनी रसायनशास्त्रातील चुका दाखविल्या. त्यांनी त्या सुधारल्या. २०११ मध्ये ९९ सेंटचे ई-पुस्तक, २०१४ मध्ये छापील आवृत्ती, २०१५ मध्ये चित्रपट. या यशामागचा खुला तपास आम्हांस जाहिरातीहून मोलाचा वाटतो.

मात्र कथा सुरू होते तीच चुकीच्या वादळाने. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तेथील ताशी १६० किलोमीटरचा वारा येथील ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच रेटा देईल. मग यान कलंडेल कसे? ही सूट लेखकाने जाणूनबुजून घेतली आहे. पुस्तक वर्गात जरूर वाचावे. हे गणित मात्र विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे.