हेलसिंकी १९५२ : आपल्या गोष्टीतून गळालेलं शहर

खाशाबा जाधवांवरचा एखादा तरी मराठी लेख तुम्ही वाचलाच असेल. त्याची चाल ठरलेली असते. कराडजवळचं गोळेश्वर, घरातली कुस्ती, हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, गावोगावची वर्गणी, प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार, कांस्यपदक, बैलगाड्यांची मिरवणूक. मग पोलिस खात्यातली नोकरी, सरकारी अनास्था, १९८४ चा अपघात आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कार.

ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. उपेक्षा झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या लेखांत उपेक्षेने कुस्तीच गिळून टाकली आहे. हेलसिंकी हा तिथे नुसता पत्ता असतो, लिफाफ्यावर लिहिण्यापुरता. संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांनी हे नीट बघावं, कारण आपल्या प्रबंधातसुद्धा ‘पार्श्वभूमी’ नावाचं प्रकरण आपण असंच उरकतो.

शहर परत आत आणून बघू.

हे शहर कोणतं होतं?

१९४० चं ऑलिंपिक आधी टोकियोला व्हायचं होतं. जपानने ते सोडल्यावर हेलसिंकीला मिळालं. स्टेडियम १९३८ मध्येच बांधून तयार होतं. महायुद्धामुळे खेळ रद्द झाले आणि फिनलंड स्वतः सोव्हिएत संघाशी लढला, हरला. युद्धखंडणीचा शेवटचा माल त्यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये पोचवला, म्हणजे ऑलिंपिक संपल्यानंतर! अशा शहरात १९ जुलै ते ३ ऑगस्ट १९५२ या काळात ६९ देश जमले. त्यांत सोव्हिएत संघ होता, आणि ते त्याचं पहिलंच ऑलिंपिक. त्याचे खेळाडू बाकीच्यांबरोबर न राहता ओतानिएमीला वेगळे उतरले होते.

‘याचा खाशाबांशी काय संबंध?’ असं तुमच्या मनात आलं असेल. पुढे वाचा.

सहावा आणि तिसरा

लेखांतलं नेहमीचं वाक्य असं : खाशाबा १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि चार वर्षांनी तिसरे. वाचताना वाटतं, तीन पायऱ्या चढले.

अंबडच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये दोन लॉटची मापं समोर ठेवा. तपासणारा माणूस पहिलं काय विचारेल? दोन्ही एकाच गेजने मोजलेत का? इथे गेज एक नाही. लंडनला ते फ्लायवेट गटात होते, हेलसिंकीला बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोत. तरीही वजनगटापेक्षा मोठा फरक समोर कोण उभं होतं यात आहे. लंडनला जर्मनी आणि जपानला बोलावणंच नव्हतं आणि सोव्हिएत संघाने संघ पाठवला नव्हता. हेलसिंकीला तिघंही आले.

आता निकाल बघा. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव यांना, कांस्य खाशाबांना. त्यांना हरवणारे दोघंही अशा देशांचे, जे लंडनमध्ये नव्हतेच. त्यांनी ज्यांना हरवलं त्यांत जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ होते. तोही लंडनला गैरहजर असलेला देश. आणि त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण इशी यांचं.

म्हणजे आखाडा जास्त कठीण झाला असताना ते वर गेले. ‘सहाव्यावरून तिसरे’ हे वाक्य त्यांची कामगिरी कमी करून सांगतं. ज्या लेखांना त्यांचा गौरव करायचा आहे, तेच त्यांना नकळत लहान करतात.

मॅटची सबब

दुसरा ठरलेला मुद्दा : मातीतला मल्ल मॅटवर कमी पडला. पण मॅट लंडनलाही होती. दोन्हीकडे जी गोष्ट सारखी आहे, ती दोन निकालांमधला फरक समजावू शकत नाही. शिवाय हेलसिंकीला कोल्हापूरच्याच मातीत तयार झालेले केशव मांगवे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचं नाव आपल्या लेखांत क्वचितच येतं. मॅटचा त्रास झालाच नसेल असं यातून सिद्ध होत नाही. नमुना दोनच मल्लांचा आहे. पण एकाच मातीतले दोघं त्या मॅटवर तिसरे आणि चौथे येत असतील, तर ‘मॅटमुळे’ हा शब्द इतक्या बिनधास्त वापरता येणार नाही.

विश्रांतीचा प्रश्न

तिसरा मुद्दा सगळ्यात नाजूक. सांगतात की एका लांबलेल्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि भांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता. हे फार गंभीर विधान आहे. ते तपासायचं तर तेव्हाची स्पर्धापद्धत माहीत हवी. आजच्यासारखी उपांत्य-अंतिम अशी सरळ बाद फेरी नव्हती. पराभवाचे उणे गुण साठत, ठरावीक संख्या झाली की मल्ल बाहेर, आणि शेवटी उरलेल्यांचा क्रम आपसातल्या कुस्त्यांवरून लागे. त्यामुळे ‘अंतिम फेरी हुकली’ हे आपल्याकडचं वाक्य त्या पद्धतीत बसत नाही. लागोपाठ दोन कुस्त्या कराव्या लागणं हेही त्या पद्धतीत नवल नव्हतं. खरा प्रश्न फक्त मधल्या वेळेचा उरतो. तो सोडवायचा तर मेसुहाल्लीतल्या त्या दिवसाचं वेळापत्रक लागेल. नुसता हळहळीचा सूर पुरणार नाही.

विधान असं बारीक केलं म्हणजे खाशाबांवरचा अन्याय नाकारला, असं समजू नका. उलट, अन्याय झाला असेल तर तो याच बारीक रूपात सिद्ध होईल. ढोबळ आरोप अधिकाऱ्यांना सोयीचा असतो, कारण तो कुणालाच नेमका लागत नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातलं सगळे जण उद्धृत करतात असं एक तुलनेचं वाक्य घ्या. ‘आधी इतकं होतं, नंतर इतकं झालं’ या धाटणीचं. त्याखाली दोन रकाने काढा आणि दोन्ही वेळी काय सारखं होतं, काय बदललं ते लिहा. ठिकाण आणि साल हे रकान्यात पहिले लिहा, कारण आपण तेच सगळ्यात आधी विसरतो. गैरहजर कोण होतं तेही लिहा. आकड्यांच्या तक्त्यात गैरहजर माणूस कधीच दिसत नाही, आणि लंडनच्या निकालातली सगळ्यात मोठी माहिती तीच आहे.