साक्षीदाराच्या वेषातील वकील

विक्रेत्याने आपल्या मालाची स्तुती करावी, यात नवल काही नाही. ती स्तुती कोण करीत आहे हे गिऱ्हाईक जाणून असते आणि तेवढी वजावट करूनच ती ऐकते. अभिप्रायाचे तसे नाही. ‘मी हे वापरले, मला असा अनुभव आला’ एवढीच ती साक्ष असते. तिला भाषेचे सौष्ठव नसले तरी चालते. साक्षीदार मात्र खरा हवा. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत तर ही साक्ष विशेषच मोलाची; कारण लेपाचा गुण त्वचेला लावल्यावाचून कळत नाही, आणि लावावयाचा तर तो आधी विकत घ्यावा लागतो.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘संडे रायली’ या प्रसाधन कंपनीचे प्रकरण वाचण्याजोगे आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१९ मध्ये केलेल्या तक्रारीनुसार, २०१५ ते २०१७ या काळात कंपनीच्या व्यवस्थापकांनी व कर्मचाऱ्यांनी ‘सेफोरा’च्या संकेतस्थळावर ग्राहक म्हणून आपल्याच मालाचे अभिप्राय लिहिले. जुलै २०१६ च्या एका पत्रात कर्मचाऱ्यांना प्रत्येकी तीन निरनिराळी खाती उघडण्यास सांगितले होते. आपला ठावठिकाणा कसा लपवावा याच्याही सूचना दिल्या होत्या.

परंतु त्या पत्रातील सर्वांत बोलके कलम निराळेच आहे. एखाद्या ग्राहकाने अमुक गोष्ट आवडली नाही असे लिहिले असेल, तर नेमके त्याच्या उलट लिहावे, असा तो आदेश होता. आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आदराने मांडून मगच उत्तरपक्षाकडे वळण्याचा दंडक आहे. येथे पूर्वपक्षाला उत्तर नाहीच. त्याच्यासमोर फक्त एक खोटा अनुभव उभा केला जातो. वकीलच साक्षीदाराचा वेष घेऊन पिंजऱ्यात येतो. ज्या बाईने स्वतःच्या त्वचेचे खरे गाऱ्हाणे मांडले, तिच्याच शब्दांवरून तिला खोटे पाडणारा मजकूर बेतला जातो. फसवणूक केवळ खरेदी करणारीची नव्हे. खरे बोलणारीचीही आहे.

प्रकरण नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोडीने मिटले. आरोपांची कबुली नाही, दंड नाही, ग्राहकांना परतावाही नाही. पुन्हा असे न करण्याचा आदेश तेवढा झाला. आयोगाच्या पाच सदस्यांपैकी दोघांनी या सौम्यपणाला विरोध नोंदविला होता. पुढे २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांना दंडाची तरतूद असलेला नियम तेथे अमलात आला. भारतानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक जाहीर केले. तथापि ते ऐच्छिक ठेवले.

नियम हवेतच. पण आम्ही ग्रंथांवर लिहिणाऱ्यांनीही या आरशात एकदा पाहावे. मित्राचे पुस्तक न वाचता त्याचा गौरव करणारा परीक्षक त्या कर्मचाऱ्यांहून फारसा वेगळा नव्हे. त्याला तीन नावे घ्यावी लागत नाहीत, इतकेच.