घर पाहावे लिंपून

बँकेत गृहकर्जाचं टेबल माझ्याकडे आल्यापासून कुठलीही इमारत दिसली की मला आधी तिचं मूल्यांकन सुचतं. तेव्हा सेवाग्रामच्या बापूकुटीवरचं हे मत जाणकाराचं नव्हे, कारकुनाचं, हे आधीच कबूल करून टाकतो.

अर्ज नामंजूर! भिंती मातीच्या, आधाराला लाकूड-बांबू, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. तारण म्हणून काय धरायचं? गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले ते साहित्य जवळपासचं, कारागीर गावचे आणि खर्च बेताचा, या अटींवर. (इथली पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पोस्टापायी बारसं झालेलं दुसरं गाव निदान मला तरी ठाऊक नाही.)

कुटी मुळात मीराबहेनची. भिंतीवर मातीच्या उठावात चरखा आणि ताडाची झाडं आहेत, तीही त्यांच्याच हातची. नक्षीकाम म्हणाल तर एवढंच. सगळं घर जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या मापाचं आहे. आणि प्रार्थनामंदिर? ते बांधलेलंच नाही! समोरच्या उघड्या अंगणात, पिंपळाजवळ सर्व धर्मांची प्रार्थना होते. ना कळस, ना घुमट, ना क्रूस. त्यामुळे गळतीचीही तक्रार नाही. मला विचाराल तर इथलं उत्तम बांधकाम हेच.

1978 साली इव्हान इलिच नावाचे विचारवंत इथे येऊन कुटीत बसले, आणि सामान ठेवायचं घर वेगळं, माणसाने राहायचं घर वेगळं, अशा अर्थाचं बोलले. पटलं. पण कारकुनाला या जमाखर्चात एक रक्कम सापडत नाही. घर स्वस्त, कबूल. पण माती दरसाल लिंपावी लागते, जमीन सारवावी लागते. त्या हातांची मजुरी कुठल्या खात्यावर टाकली?

मलाही हे सुचलं नसतं. आमचं सेलूचं मातीचं घर पाडून मी स्लॅब टाकला, कर्ज आमच्याच बँकेचं. आता मे महिन्यात वऱ्हांड्यात झोपतो आणि पाहुण्यांना जुन्या घराचा गारवा वर्णन करून सांगतो. मागच्या खेपेस आईला कुटी दाखवायला नेलं. मी गारव्यावर व्याख्यान सुरू केलं होतं. तिचं लक्ष नव्हतं. भिंतीच्या पायथ्याशी वाकून तिने तळवा टेकवला आणि विचारलं,

"लिंपतं कोण रे इथं?"


"असतात ना माणसं, दरवर्षी लिंपतात."

"हो का," ती म्हणाली, "आपल्याकडे मी एकटीच होते."