देवाचें बळ आणि घरचा भार

बिलोलीस मराठी, तेलुगु आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारांत ऐकूं येतात. आणि संकट आलें म्हणजे कोणत्याही भाषेंतला माणूस अखेर देवावर हवाला ठेवतो. हवाला ठेवणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न आम्हांस तेथें एका स्नेह्यांच्या घरीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' पुन्हां वाचतांना पडला. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या विनोदाचें व सरळ भाषेचें कौतुक सर्वश्रुत आहे. आमच्या मतें त्यांत एका धर्मतत्त्वाची कसोटीही लागली आहे.

तें तत्त्व ख्रिस्ती आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत भक्ताला योद्धा कल्पून देवाची शस्त्रसामग्री धारण करण्यास सांगितलें आहे. ही सामग्री वाचकांनीं नीट पाहावी. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचें उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेचीं पायतणें, विश्वासाची ढाल, तारणाचें शिरस्त्राण. वार करण्याजोगी वस्तु एकच, तरवार. आणि तीही देवाचें वचन. या योद्ध्याला मुलूख जिंकावयाचा नाहीं, टिकून उभें राहावयाचें आहे. शिवाय हें झुंज रक्तमांसाच्या माणसांशीं नव्हे, असें तेथेंच बजावलें आहे. शेजाऱ्याला सैतान ठरविण्यासाठीं जे या अध्यायाचा आधार घेतात, त्यांनीं तो अर्धाच वाचलेला असतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटूं नये. तुकोबांनींही अहोरात्र चालणाऱ्या लढाईची गोष्ट सांगितली आहे. तेथेंही शत्रु मनांत दडलेला आणि बळ नामाचें. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे गेले ते तुकोबांच्याच वाटेनें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत रणगर्जना थोडी आणि शरणागति फार, याचें कारण हेंच.

परंतु शरण गेलेल्या माणसाच्या घरीं काय घडतें, हें अभंगांवरून कळत नाहीं. तें 'स्मृतिचित्रां'वरून कळतें. टिळक सर्व भार देवावर टाकून मोकळे होत. हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकीत, अनाथ मुलांना घरीं आश्रय देत. पण त्या मुलांच्या ताटांत काय वाढावें, ही विवंचना लक्ष्मीबाईंची. देवावर टाकलेला भार पुष्कळदां स्वयंपाकघरांत येऊन उतरे. बाई हें हंसत सांगतात, म्हणून वाचकही हंसतो. आणि येथेंच ग्रंथाचा एक दोष आम्हांस दिसतो. त्यांचा विनोद इतका क्षमाशील आहे कीं, नवऱ्याकडून जो जाब विचारावयास हवा होता, तो विचारावयाचा राहून जातो.

त्यांची स्वतःची लढाई मात्र अधिक खरी वाटते. पति धर्मांतर करून गेला. सुमारें पांच वर्षें त्यांनीं आपलें सोंवळें सांभाळलें. त्यांच्या मार्गांतला शत्रु सासर, माहेर किंवा मिशन नव्हता. भय, संताप आणि विटाळाची कल्पना हे तो होते. जातिभेद देवानें केला नसून माणसांनीं केला, असा निर्णय झाल्यावर त्या इतरांच्या हातचें पाणी पिऊं लागल्या. हा विजय त्या कोठेंही मिरवीत नाहींत. आपल्या बळावर नव्हे, असें ज्याला मनापासून वाटतें, त्याची भाषा अशीच असते.

टिळकांची बेफिकिरी वजा केली तर टिळकच उरणार नाहींत, असें आमच्या स्नेह्यांनीं सुचविलें. तें आम्हांस मान्य आहे. तरीहि देवाच्या बळावर विसंबल्यानें अहंकार हलका झाला कीं दुसऱ्याचा खांदा जड झाला, हें पाहिल्यावांचून त्या विसंबण्याची किंमत ठरवूं नये.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' महाकाव्य अपुरें होतें. उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले. १९३६ सालीं त्या निवर्तल्या. काव्य त्यानंतर प्रसिद्ध झालें. हाही भार त्यांनींच उचलला होता.