भयाचे भाषांतर : ‘भूल भुलैया’ मालेतील तीन चित्रपट

चित्रपटांची माला पुढे आली की सामान्य प्रेक्षक एक अगदी साधा प्रश्न विचारतो : यांतले कोणते पाहावेत आणि कोणते सोडावेत? समीक्षेला हा प्रश्न काहीसा बाळबोध वाटतो. तथापि निवड हे मूल्यमापनाचेच पहिले रूप होय, आणि ती कशाच्या आधारे करावी हे सांगता येत नसेल तर पुढचे सारे विवेचन निराधारच राहते. भयकथांच्या मालेत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. भय ही भावना पुनरुक्तीने बोथट होते; एकदा दार उघडले आणि आत काय आहे ते दिसले, की दुसऱ्या वेळी तेच दार उघडण्यात गंमत उरत नाही. म्हणून भयपटाचा उत्तरभाग काढणाऱ्यास दोनच मार्ग मोकळे असतात. मूळ कथेत जो प्रश्न दडला होता तो नव्या परिस्थितीत पुन्हा उभा करणे हा एक. मूळ कथेचे केवळ नाव उचलणे हा दुसरा.

विज्ञानाश्रित भयपटांच्या सुप्रसिद्ध ‘एलियन’ मालेत हा भेद स्पष्ट दिसतो. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या पहिल्या चित्रपटात एका अवकाशयानात एकच हिंस्र प्राणी आहे. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ च्या दुसऱ्या चित्रपटात असे प्राणी अनेक आहेत, आणि कोंदट भीतीची जागा उघड्या युद्धाने घेतली आहे. रूप इतके पालटूनही दुसरा चित्रपट पहिल्याचा खरा वारस ठरतो. कारण माणसांच्या प्राणांपेक्षा त्या प्राण्याचे मोल अधिक मानणारी व्यापारी कंपनी दोन्हीकडे आहे, आणि खरे भय तिच्या हिशेबी वृत्तीचे आहे. उलट २०१२ च्या ‘प्रॉमिथिअस’मध्ये स्कॉट यांनीच त्या विश्वाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उत्पत्तीविषयीची माहिती वाढली आणि भीती मात्र उणावली. यावरून एक कसोटी हाती लागते : उत्तरभागाने रूप बदलले तरी चालेल, परंतु प्रश्न गमावता कामा नये.

ही कसोटी आपल्याकडील एका मालेला लावून पाहण्यासारखी आहे. जयपूरहून सीकरच्या रस्त्याने निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर चौमू गाव लागते. तेथला जुना राजवाडा आता हॉटेल झाला आहे. २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या प्रियदर्शन यांच्या ‘भूल भुलैया’तील बंद दालनाचा वाडा तो हाच. पुढे अनीस बज्मी यांनी २०२२ मध्ये या नावाचा दुसरा आणि २०२४ मध्ये तिसरा चित्रपट काढला. मालेचे मूळ मात्र राजस्थानात नाही, हिंदीतही नाही. ते १९९३ च्या ‘मणिचित्रताळ्’ या मलयाळम चित्रपटात आहे. मधु मुट्टम यांनी लिहिलेल्या आणि फाझिल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या दुय्यम चित्रीकरण-पथकात स्वतः प्रियदर्शन होते. त्यातील भूमिकेसाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये त्या कथेचे कन्नड रूप ‘आप्तमित्र’ आणि २००५ मध्ये तमिळ रूप ‘चंद्रमुखी’ आले. दोहोंचे दिग्दर्शक पी. वासू. म्हणजे चौमूच्या वाड्यात शिरण्यापूर्वी या कथेने दक्षिणेतील तीन भाषा ओलांडल्या होत्या.

भाषांतराच्या दृष्टीने या प्रवासातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. मलयाळम कथेत वाड्यातील मृत नर्तकी तंजावरची आहे आणि ती तमिळ बोलते. कन्नड आणि तमिळ रूपांतरांत ती तेलुगू बोलू लागते. हिंदीत आल्यावर बंगाली. भाषा पालटली की भुताची भाषाही पालटते, आणि दर वेळी ती शेजारच्या प्रांताची असते : कानाला ओळखीची, पण घरातली नव्हे. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकाराने नर्तकी तमिळच ठेवली असती, आणि हिंदी प्रेक्षकाला ती भाषा केवळ दूरची व अनाकलनीय वाटली असती. येथे रूपांतरकारांनी शब्द सोडला आणि संबंध राखला. आपल्याच माणसाच्या तोंडून अकस्मात परकी भाषा यावी, यातील थरकाप त्यांनी नेमका ओळखला. केरळच्या परिसरातील चित्रपटासाठी पद्मनाभपुरमच्या लाकडी राजवाड्याचा उपयोग झाला होता. हिंदीत त्या जागी चौमूचे दगडी सज्जे आणि चौक आले. हे वास्तूचे भाषांतरही असेच साधले आहे. लाकडाच्या कुजबुजत्या अंधाराऐवजी येथे दगडाचा मुका, कोरडा दरारा आहे.

परंतु या कथेचे खरे बळ तिच्या उत्तरात आहे. वाड्यात भूत नाही. परदेशातून आलेला मानसोपचारतज्ज्ञ शोधून काढतो की, मृत नर्तकीच्या कहाणीशी एकरूप होऊन घरातील सूनच नकळत ते सारे करीत आहे. आजीच्या सहवासात, आजीच्या गोष्टींत वाढलेल्या आणि एके दिवशी तिच्यापासून तोडल्या गेलेल्या मुलीचे हे जुने दुखणे आहे. सामान्यतः रहस्याचा उलगडा झाला की भय संपते. येथे उलगड्यानंतर भय करुणेत उतरते, आणि तरीही ते भय राहते. सुनेला बाहेर जाण्यास पती मुद्दाम मनाई करतो आणि तिचा आवाज, तिची नजर, तिचे अंगबळ क्षणात पालटते, तो प्रसंग या दृष्टीने पाहावा. कोठेही धूर नाही, आकृती नाही. हिंदीत विद्या बालन एका हाताने पलंग उचलतात आणि प्रेक्षकाला कळून चुकते की, ज्याचे निदान झाले आहे तेही भयंकर असू शकते. भारतीय रसविचाराच्या भाषेत सांगायचे तर येथे भयानकाचा आलंबनविभाव बाहेरून आत, वाड्यातून मनात सरकला आहे.

या चित्रपटातील वैद्यकशास्त्र काटेकोर आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या विकाराला पूर्वी ‘बहुव्यक्तित्व’ म्हणत त्याचे इंग्रजी नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये बदलले आणि त्यातील विघटनावर, दुभंगलेपणावर भर दिला. त्याचे उपचार दीर्घ आणि कष्टाचे असतात. शत्रूच्या जागी ठेवलेल्या बाहुल्यावर एकदा सूड उगवू दिला की रुग्ण बरा होतो, हे पडद्यावरच घडते. पहिल्या हिंदी चित्रपटाचा विनोदही अनेकदा बटबटीत होतो. मलयाळम चित्रपटात तो कुटुंबाच्या अंगचा वाटतो, हिंदीत तो पात्रांना चिकटवलेला दिसतो. हे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. या कथेत वैद्य आणि मांत्रिक एकमेकांशी झगडत नाहीत. विक्रम गोखले यांनी हिंदीतील आचार्याची भूमिका ज्या संयत भारदस्तपणे केली आहे, त्यामुळे हे अधिकच पटते. आचार्य वैद्याची योग्यता ओळखतो. वैद्य विधीचा उपयोग औषधासारखा करतो.

जयपूरच्या परिसरात या गोष्टीला पडद्याबाहेरचा अर्थ आहे. जयपूर-आग्रा मार्गाच्या बाजूला, दौसा आणि करौली जिल्ह्यांच्या सीमेवर मेहंदीपूर बालाजीचे स्थान आहे. ‘बाधा’ झालेल्या माणसांना त्यांचे नातलग तेथे आणतात. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या स्थानाचा अभ्यास केला. भूतबाधेच्या भाषेत रुग्ण आपले कोणते दुःख बोलत असतो, हे त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतले. ‘मणिचित्रताळ्’ची आणि तिच्या पहिल्या हिंदी अवताराची भूमिका याच्या फार जवळची आहे. याच राजस्थानात स्त्रियांना ‘डाकण’ ठरवून छळण्याच्या प्रथेविरुद्ध २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी संमत झाला. अशा समाजात ‘ही चेटकीण नव्हे, ही आजारी आहे’ हे वाक्य नुसते कथानकाचे वळण राहत नाही. ते एखाद्या स्त्रीच्या जिवाचे वाक्य असते.

दुसऱ्या ‘भूल भुलैया’चा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. चित्रपट रंजक आहे, त्याची गती चांगली आहे, आणि तब्बू यांनी दोन बहिणींच्या भूमिका ज्या ताकदीने केल्या आहेत त्यासाठी त्याचे कौतुकच करावे लागेल. परंतु त्याने पहिल्या चित्रपटाचा प्रश्न घेतला नाही. उत्तर मात्र उलटे केले. येथे राजस्थानातील हवेलीत खरेच भूत आहे. मत्सरापोटी काळी जादू करणारी स्त्रीही खरी आहे. पहिल्या चित्रपटात विकाराचे नाव झालेली मंजुलिका येथे साक्षात चेटकीण होऊन आली आहे. आणखी एक बाब तितकीच बोलकी आहे. नायक मृतांशी बोलता येते असे सोंग करणारा भोंदू आहे. आरंभी चित्रपट त्याची थट्टा करतो आणि येथे एका धारदार उपहासिकेची शक्यता निर्माण होते. पण हवेलीत भूत खरे निघते आणि भोंदूचे सोंग सार्थ ठरते. वैद्याच्या जागी भोंदू आला, एवढ्या एका बदलात दोन चित्रपटांमधील सारे अंतर सामावले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भयकथेने भूत खोटे ठरवलेच पाहिजे असा दंडक कोणी घातला? मराठी वाचक असा दंडक कदापि मानणार नाही. नारायण धारपांच्या अमानवी शक्ती आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा यांच्यावर त्याची पिढ्यान्‌पिढ्या भक्ती आहे. ‘मणिचित्रताळ्’च्याच वर्षी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने बाहुलीत शिरलेल्या गुंडाच्या आत्म्याने महाराष्ट्राला एकाच वेळी घाबरवले आणि हसवले, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये हस्तर प्रत्यक्ष आहे; पण प्रेक्षक घरी जाताना हस्तराची भीती नेत नाही, लोभाची नेतो. आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. भूत खरे असावे की खोटे, हा कलेच्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. त्या भुताच्या रूपाने माणसाचे काय दिसले, हा मुख्य. ‘झपाटलेला’ने विज्ञानाचे वचन दिलेले नव्हते, म्हणून त्याने ते मोडलेही नाही. ‘भूल भुलैया’ या नावाने २००७ मध्ये एक वचन दिले होते. त्या नावाची पत वापरणाऱ्याने ते पाळावे किंवा ते का मोडले हे कथेतून दाखवावे. दुसऱ्या चित्रपटात यांपैकी काहीच घडत नाही.

तिसऱ्या चित्रपटाची स्थिती मधली आहे. येथे कथा बंगालमधील राजवाड्यात जाते. विद्या बालन परततात, त्यांच्यासमोर माधुरी दीक्षित उभ्या राहतात, आणि यांपैकी मंजुलिका कोण या कोड्यावर बराच काळ कालहरण होते. पूर्वार्ध दुसऱ्या भागाची पुनरुक्ती आहे, आणि भोंदू नायक तोच आहे. परंतु शेवटी कळते की, जिला साऱ्यांनी मंजुलिका मानले तो आत्मा स्त्रीचा नाही. तो एका राजपुत्राचा आहे. नृत्याची आणि स्त्रीवेषाची ओढ असलेल्या त्या मुलाला घराण्याच्या लाजेपायी मरण आले. येथे भूत आहेच, पण त्याच्या मागे पुन्हा एकदा एक दडपलेले मन दिसते. पहिल्या चित्रपटाने विचारलेला प्रश्न, म्हणजे घर ज्याला भूत म्हणते ते त्या घरानेच आतून कुलूपबंद केलेले कोणते दुःख आहे, हा येथे अंधूक का होईना, पुन्हा ऐकू येतो. तो फार उशिरा येतो आणि गदारोळात बुडतो, हे दुर्दैव. पण तो येतो.

तेव्हा निवडीचा प्रश्न असा सुटतो. ज्यास उपशीर्षकांच्या आधाराने पाहता येईल त्याने १९९३ चा मलयाळम चित्रपट प्रथम पाहावा. मालेचा सारा अर्थ तेथे आहे. त्यानंतर २००७ चा हिंदी चित्रपट पाहावा, आणि भाषांतरात काय उणे झाले यापेक्षा भुताची भाषा कशी पालटली याकडे लक्ष द्यावे. २०२४ च्या चित्रपटाचा शेवट पाहण्याजोगा आहे. त्यासाठी पूर्वार्धाचा धीर धरावा लागेल. २०२२ चा चित्रपट सोडल्यास मालेच्या आकलनात काही खंड पडत नाही. तब्बू यांच्या अभिनयाची गोडी असणाऱ्याने तो स्वतंत्र करमणूक म्हणून खुशाल पाहावा. मात्र कुटुंबातील लहानांसह ही माला पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी क्रम उलटा करू नये. मुलाच्या मनात आधी चेटकीण शिरली तर नंतर आलेल्या वैद्याला ती बाहेर काढणे जड जाते. आधी वैद्य भेटला, तर पुढे कितीही चेटकिणी आल्या तरी ते मूल त्यांच्याकडे पाहून एकदा तरी विचारील, की हिला नेमके काय झाले आहे?