अश्रू नंतर, कारण आधी

मंडळी, आपल्या अर्जुनी मोरगावपासून वडसा फार लांब नाही. दिवाळी सरली की तिथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात आणि गावोगाव रात्रभर प्रयोग रंगतात. नाटकं आम्ही आवडीनं पाहतो. तक्रार आहे ती पोस्टरची. त्यावर बहुधा नुसते चेहरे. एक रडतोय, एक डोळे वटारतोय, एक हसतोय. पण कोण कशापायी रडतंय, ते चित्रात कुठंच नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात विभाव आणि अनुभाव असे दोन शब्द आहेत. विभाव म्हणजे भावनेचं कारण, अनुभाव म्हणजे तिची अंगावर उमटलेली खूण. आपलं पोस्टर खूण दाखवतं आणि कारण गाळतं. म्हणून भाव भरपूर, पण गोष्ट नाही.

आता शि. द. फडणीसांचं १९५२ सालचं 'मोहिनी'चं मुखपृष्ठ आठवा. तरुणाच्या शर्टावर मांजरं, तरुणीच्या साडीवर उंदीर. शब्द एकही नाही. चेहऱ्यांवर प्रेम थापावं लागत नाही, कापडावरची नक्षीच दोघांची गोष्ट सुरू करते. पुढचं आपण मनात रचतो आणि हसतो.

कुणी म्हणेल, सर, हे व्यंगचित्रात ठीक, दुःखाच्या चित्राचं काय? रोवणीचं चित्र घ्या. बांधीत उभी बाई, गालावर मोठा अश्रू. तो अश्रू पुसा. तिच्या हातात सुकलेल्या पऱ्ह्यांची पेंडी द्या, पायाखाली भेगाळलेली माती काढा, मान ढगांकडे वळवा. चेहरा अर्धा झाकला तरी चालेल. आता ती काही न बोलता सगळं सांगते.

जर्मन विचारवंत लेसिंगनं १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात हेच वेगळ्या वाटेनं मांडलं. चित्रकाराला एकच क्षण मिळतो, तो कळसाचा निवडू नये. कळस दाखवला की पाहणाऱ्याच्या कल्पनेला जागा उरत नाही.

पोस्टरची बाजूही आम्हांला कळते. लोक नटांच्या नावावर तिकीट काढतात, तेव्हा चेहरे हवेतच. पण त्याच चेहऱ्यांमध्ये एक सावकाराची वही, एक रिकामा पाळणा ठेवायला किती जागा लागते? रंगमंचावर आपले नट एवढी गोष्ट सांगतात, तर त्यांचं चित्र मुकं का राहावं?