कोरड्या हवेतले नाक

अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. अमोनियाची गळती वेळीच ओळखणारे संवेदक अशा ठिकाणी अत्यावश्यक असतात. त्यासाठी धातूंची ऑक्साइडे आणि ग्राफीन यांच्या संमिश्रांवर गेल्या दीड दशकात असंख्य शोधनिबंध निघाले. त्यांतले काम मोलाचे आहे. पण त्यात एक मोठी उणीवही आहे.

आधी तत्त्व पाहू. टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. त्यामुळे विद्युतरोध वाढतो. अमोनिया आला की त्याची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर वायू ओळखून दाखवले. मात्र असे संवेदक साधारणपणे २०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवावे लागतात. ग्राफीन मिसळल्यास इलेक्ट्रॉनांना सुलभ वाट मिळते आणि काही संमिश्रे खोलीच्या तापमानालाही काम करतात. विजेची बचत होते.

मेख येथेच आहे. तापलेल्या पृष्ठभागावरून पाण्याचे बरेचसे रेणू उडून जातात. थंड पृष्ठभागावर ते ठाण मांडतात, वायूची जागा अडवतात आणि रोधही बदलतात. तरीही अनेक निबंधांतले आलेख कोरड्या हवेत, बंद पेटीत काढलेले असतात. सुरुवातीला मीही तेच केले; सिलिंडरमधली कोरडी हवा सोयीची असते. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, आणि गळती काही उन्हाळ्याची वाट पाहत नाही.

दुसरा आक्षेप चढाओढीबद्दल. आठ तासांच्या पाळीसाठी अमोनियाची सर्वसाधारण मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग इतकी आहे. मग एका भागाहूनही कमी अमोनिया ओळखल्याचा डंका कारखान्याच्या फारसा कामाचा नाही. वाळत घातलेल्या मासळीतून निघणाऱ्या अमाइन वायूंना संवेदक अमोनिया समजला, तर रोज खोटी घंटा वाजेल. मग एक दिवस खऱ्या घंटेकडेही कोणी लक्ष देणार नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना असा दावा वाचताना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: हवा किती दमट होती? सोबत दुसरे कोणते वायू होते? सहा महिन्यांनी तोच आकडा मिळाला का? उत्तरे नसतील, तर तो संवेदक अजून प्रयोगशाळेतच आहे.